सात नंबरच्या डब्यातलं बाक

“आजोबा, उठा तिथून. ठिणगी अंगावर येईल,” गॅसकटर हातात धरून रोसाउरा ओरडली.

एलेउतेरिओ हलला नाही. पेरू देशातल्या ला ओरोयाच्या रेल्वे यार्डात सात नंबरचा जुना डबा भंगारात निघाला होता, आणि म्हातारा त्यातल्या खिडकीजवळच्या बाकावर ठाण मांडून बसला होता. ते बाक त्याला घरी न्यायचं होतं.

“बोल्ट गंजलेत, कापावे लागतील,” ती म्हणाली. “आणि सिलिंडरात ऑक्सिजन उरलाय फक्त दारापुरता. चारला ट्रक येतोय. दार निघालं नाही तर मुकादम माझंच भंगार करेल.”

“मग नुसत्या ज्योतीनं काप की.”

“ज्योत लोखंड तापवते हो. कापतो तो ऑक्सिजन.”

म्हातारा खुदकन हसला. बत्तीस वर्षं त्यानं याच गाडीत ऑक्सिजन वाटला होता. अंगात पांढरा कोट, काखेत फुगलेली रबरी पिशवी. गालेरा घाटाच्या चढावर हवा विरळ झाली की लिमाचे भलेभले माना टाकायचे, आणि हा नळी घेऊन बाकाबाकाशी फिरायचा. काय रुबाब होता!

“इथं सेनोबिया बसली होती,” तो म्हणाला. “चक्कर येतेय म्हणाली. सहा महिन्यांत आमचं लग्न. गेल्या महिन्यात गेली.”

रोसाउरानं कटर खाली घेतला. “आजी कुठल्या?”

“वर डोंगरमाथ्यावरच्या सेरो द पास्कोची.”

“सेरोच्या? अहो, ढगात जन्मलेल्या बाईला कसली चक्कर? चांगलं बनवलं की तुम्हाला!”

“मला काय कळलं नाही होय? खरी चक्कर आली की ओठ निळे पडतात. हिचे मिरचीसारखे लाल.”

“मग?”

“मग काय, पिशवी रिकामी होईस्तोवर नळी धरून बसलो.” त्यानं बाकावरून हात फिरवला. “मला कळलं होतं, हे तिला सांगायचं मात्र राहूनच गेलं.”

“आणि बाकीचे प्रवासी?”

“बसले चक्करीवर उतारा म्हणून कोकाची पानं चघळत.”

रोसाउरा हसली. मग तिनं सिलिंडरच्या काट्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

“पाय वर घ्या, आजोबा,” ती म्हणाली आणि चष्मा डोळ्यांवर ओढून बाकाच्या पहिल्या बोल्टाशी वाकली.