वस्ती नव्हती

उद्यानाच्या फलकावर शासनाचे विधान आहे : धरणापूर्वी या जागी वस्ती नव्हती. ते खरे मानल्यास मोतीबाई लग्न होऊन निर्जन माळावर नांदायला आल्या आणि त्यांच्या पतीने प्राणही तिथेच, बिनवस्तीच्या जागी सोडले. सर्वपित्रीला चामटोलीत लेकाच्या गच्चीवर ठेवलेल्या पतीच्या पानाला कावळा शिवेना, तेव्हा ते पान घेऊन मोतीबाई उद्यानात आल्या, रीतसर तिकीट काढून. कठड्यावरून वाकून त्यांनी ते अलगद जलाशयात सोडले.

"काय आजी, पिकनिक झाली की कचरा पाण्यात?" रखवालदाराने हटकले. "दंड भरा आता."

"हां रं बाबा, पान मीच ठेवलं. पितरांचं पान घराच्या कौलांवर ठेवतात. आमची कौलं हितंच खाली हायेत."