खळगा

टॉरमॉडने इन्व्हरनेसच्या दुकानातून हरणांच्या शिकारीची जुनी रायफल घेतली, तेव्हा तिची नळी गंजलेली होती आणि लाकडी दस्ता काळाठिक्कर पडला होता. हिवाळाभर तो तिच्यावर खपला. गंज उतरवला, दस्ता घासून घासून गुळगुळीत केला, वर जवसाचं तेल जिरवलं. अक्रोडाच्या लाकडाच्या रेषा उमटल्या, तसा तो बायकोला म्हणाला, "आधीचा मालकसुद्धा ओळखायचा नाही हिला!"

बर्फ वितळल्यावर तळ्यापलीकडची इशबेलकाकू दारात आली. तिचा नवरा एवन गेल्यावर मुलाने तिला न विचारताच ही रायफल विकून टाकली होती.

"परत मागायला नाही आले रे. एकदा हातात दे फक्त."

आत बसून, रायफल मांडीवर घेऊन ती दस्त्यावरून बोटं फिरवत राहिली. पुन्हा पुन्हा एकाच जागी.

"इथे खळगा होता ना? एवनचा गाल टेकून टेकून पडलेला."

टॉरमॉडने दस्त्याकडे पाहिलं. "मला वाटलं, लाकूड झिजलंय. सपाट केलं मी, काकू."

ती रागावली नाही. वाकून तिने आपला गाल त्या चकचकीत लाकडावर टेकवला आणि डोळे मिटले. समोरचा चहा निवून गेला, तरी ती तशीच होती. मग उठून तिने रायफल जपून त्याच्या हातात दिली.

"छान केलीस हो," ती म्हणाली. "पण आता इथे कुणी राहत नाही."