मद्यकुंभाचा तळ

"थांब, थांब. तळाकडे ने," मैथिली जवळजवळ ओरडलीच.

तनयनं पडद्यावरचं क्ष-किरणांचं चित्र फिरवलं. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या प्रयोगशाळेत दोघं सकाळपासून एका मद्यकुंभाच्या पोटात डोकावत होते. दक्षिण इटलीतलं, दोन हजारांहून जास्त वर्षांचं भांडं. मेजवानीत यात वाइन आणि पाणी कालवत, असं एका छोट्या संग्रहालयानं कळवलं होतं. काळ्या अंगावर लालसर चित्रं. एका बाजूला द्राक्षांचे घोस. दुसऱ्या बाजूला छोट्या पांढऱ्या देवळात बसलेला तरुण, आणि त्याच्यासाठी फुलं-फळं घेऊन आलेली माणसं. मेजवानीचा यजमान असणार, असं दोघांनी ठरवूनही टाकलं होतं.

मैथिलीच्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण या कुंभातल्या वाइनवर टांगलेलं होतं. आणि वाइनचा तर मागमूस नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संध्याकाळी कुंभ परत जायचा होता. प्रोफेसरबाई "प्रकरण गाळून टाक" म्हणायला टपलेल्याच होत्या.

तळाशी जुन्या प्लास्टरचं गोल ठिगळ दिसत होतं. त्याच्याखाली भोक.

"म्हणजे संपलं," तनय म्हणाला. "फुटलेलं भांडं आहे. मागाहून कुणीतरी लिंपलंय."

"फुटलेलं नाहीये. कड बघ ना."

मैथिलीनं पडद्याला नाकच लावलं. फुटलेली माती खडबडीत असते. ही कड गुळगुळीत होती, बोट फिरवल्यासारखी. माती ओली असतानाच, भाजायच्या आधी, कुंभारानं हे भोक मुद्दाम ठेवलं होतं. तिला हसू आवरेना.

"यात वाइन कधी नव्हतीच, तनय. कळतंय का तुला? प्रकरण बुडालं नाही, सोनं झालं त्याचं."

"काहीतरीच. इतकी नक्षी काढायची आणि तळ उघडा ठेवायचा? असल्या भांड्याचं कुणाला काय काम?"

मैथिली पांढऱ्या देवळातल्या तरुणाकडे बघत राहिली. तो यजमान नव्हता, हे तिला आता लख्ख दिसत होतं.

"बाबा गेले तेव्हा मला होतं असल्या भांड्याचं काम," ती म्हणाली. "भोक पाडलेलं मडकं खांद्यावर घेऊन त्यांच्या चितेभोवती मीच फिरले होते."