आणखी मागे

मास्तरांची पाठ कपाटाला टेकली, तरी बाईंचा चेहरा काही स्पष्ट होईना.

लांबचं टिपणारी ही लेन्स लेकीने पाठवली होती. बाई अंथरुणाला खिळल्यापासून मास्तरांचं तलावावर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढणं बंद पडलं होतं. आता खिडकीतूनच काढा, असं लेकीचं म्हणणं. सकाळपासून त्यांनी समोरच्या गच्चीवरचा एकच कावळा इतक्या वेळा टिपला, की शेवटी कावळाच कंटाळून उडाला. मग बाई म्हणाल्या, कावळ्याचं कौतुक पुरे, आता माझा काढा.

खोली केवढी आणि या लेन्सला अंतर लागतं केवढं, याचा हिशेब गणित शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाने केलाच नव्हता. दाराबाहेर जावं, तर पलंग भिंतीआड जाई.

"राहू दे," ते म्हणाले. "खोली पुरत नाही."

"मला तरी कुठे पुरते?" बाई म्हणाल्या. "अहो, खाली जा. समोरच्या फुटपाथवरून काढा."

मास्तर घुटमळले. उशी सरकली तर, ठसका लागला तर, असं काहीबाही पुटपुटले. बाईंनी नुसती पाण्याची बाटली दाखवली, फोन दाखवला. पडद्याची दोरी तर मास्तरांनीच पलंगाच्या दांडीला बांधून दिलेली होती. मी काही पळून जात नाही, असंही त्या वर म्हणाल्या. मास्तरांनी त्यांच्या केसांवरून कंगवा फिरवला, खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सरकवला आणि चपला शोधल्या.

पलीकडच्या बसथांब्याजवळ उभं राहून त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. पहिल्या मजल्यावरची खिडकी अंगावर आल्यासारखी जवळ आली. बाईंचा एकेक पांढरा केस वेगळा दिसत होता. डॉक्टर आले की त्या हसतात, तसं हसत होत्या. मास्तरांनी बटण दाबलं आणि हात हलवला.

काम झालं असं बाईंना वाटलं असावं. हसू उतरलं. खांदे सैल पडले. मान मागे टाकून त्यांनी तोंड भरून जांभई दिली, मग छताकडे बघत स्वतःशीच काहीतरी बोलायला लागल्या. भराभर, भुवया उडवत. मास्तर बघतच राहिले. बाईंचा हा चेहरा कित्येक दिवसांत त्यांच्या दृष्टीस पडला नव्हता. घरात कुणी नसतानाचा चेहरा होता तो.

तेवढ्यात बाईंनी फोन उचलला. मास्तरांच्या खिशात वाजला.

"आला का फोटो?"

"नाही," मास्तर म्हणाले. "हलला."

लेन्समध्ये बाई सरळ त्यांच्याकडे पाहत होत्या. बराच वेळ.

"मग काढा की सावकाश," त्या म्हणाल्या. "घाईने वर येऊ नका."

फोन ठेवून त्यांनी दोरी ओढली. पडदा हळूहळू मिटला.

तलावाकडे जाणारी बस मास्तरांच्या अगदी शेजारी येऊन थांबली. दार उघडलं. वाहकाने विचारलं, येताय का? मास्तर हलले नाहीत. बस निघून गेली.

कॅमेरा त्यांच्या डोळ्यालाच होता. लेन्समध्ये पडदा स्वच्छ दिसत होता, त्याचा धागा न् धागा.