कळंब्यापर्यंतची परीक्षा

"हे इंजिन माझ्या नातवाच्या वरातीत पळंल!" अशी गर्जना करून पासष्टीच्या पिराजीरावांनी १९६२ साली घेतलेल्या लाल स्पोर्ट्स गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. त्यांच्या पत्नी बनाबाईंची अट साधी होती. गाडी कळंब्याला जाऊन बिनधक्क्याची परत आली तर ठेवायची, नाहीतर वीस वर्षं झाली, आता विकायची.

गाडी दुरुस्त करणारे सिकंदर मिस्त्री शेजारी बसले. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सात हजारांवर गेला, तशी पिराजीरावांची चुळबूळ वाढली.

"मिस्त्री, कायतरी वाजतंय."

"काय न्हाय, मालक."

"आता कट्ट झालं की! ऐकलं न्हाय?"

"ऐकलं. पण ते गाडीत न्हाय झालं."

शिवाजी पेठेत दारासमोर परत आल्यावर सिकंदर मिस्त्रींनी इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मुठीला कान लावला. "घड्याळ हाय, वहिनी! अजून वीस वर्षं बघायचं काम न्हाय."

"जिंकलासा की!" उंबऱ्यातून बनाबाई हसल्या. "उतरा आता, च्या ठेवलाय."

पिराजीराव हलले नाहीत. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून, समोर बघतच ते पुटपुटले, "मिस्त्री, हिची पाठ फिरली की मला तेवढं काखंत धरून भाईर काढा."