साध्या फुलांच्या कुंड्या

गौरी-गणपती आटोपून जान्हवी लवळ्याला परतली. पिशवी हॉस्टेलवर न टाकता ती थेट ग्रीनहाऊसमध्ये आली. तिचा तेरडा बाकाच्या मधोमध ठेवलेला होता आणि तिच्याच लॅबमधला अमोघ तो मार्गदर्शक सरांना दाखवत होता.

"हे एक रोप मला वेगळं वाटलं, सर. ना पुंकेसर, ना स्त्रीकेसर. पाकळ्यांच्या आत पुन्हा पाकळ्याच. आतले अवयव घडवणारं जनुक बिघडलंय, मी डीएनए वाचून पाहिला."

जनुक वाचलं त्यानंच होतं, कॉम्प्युटरवर बसून. पण मुळशीच्या डोंगरातून बी आणून ते पिढ्यान्‌पिढ्या लावत, हे एक फूल हाती येईतो तीन वर्षं मातीत हात घातले होते ते जान्हवीनं. मी येईपर्यंत पाणी घाल, एवढंच ती त्याला सांगून गेली होती. एका डब्यात जेवणारा मित्र. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे तिला ठाऊक होतं. अमोघचा त्याहून पक्का असेल असं तिनं धरलं होतं. तिला राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या विश्वासाची लाज वाटली.

सरांनी अमोघची पाठ थोपटली. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझंच, म्हणाले. अमोघला दारात उभी जान्हवी दिसली, तशी त्यानं नजर कुंडीकडे वळवली.

मग सरांनी विचारलं, याची साधी भावंडं कुठायत? याला बी धरणारच नाही. हा बिघाड साध्या फुलांच्या रोपांत लपून राहतो, पुढचं बी त्यांच्याकडूनच घ्यायचं.

साध्या फुलांच्या त्या कुंड्या जागा अडवत होत्या, म्हणून अमोघनं रोपं उपटून मागच्या खतखड्ड्यात टाकली होती. हे त्याच्या तोंडून काढायला सरांना बराच वेळ लागला. त्यांचा आवाज चढला. ही रोपं सांभाळायची जबाबदारी होती कुणाची?

"जान्हवीची, सर," अमोघ म्हणाला. "रोपं सगळी जान्हवीचीच आहेत."

सरांनी वळून तिला विचारलं, मग तुझं लक्ष कुठं होतं?

जान्हवी मागे खड्ड्यापाशी गेली. उपटलेल्या रोपांच्या शेंगा तडकून बी चौफेर उडालं होतं आणि ओलीत रुजलंही होतं. खड्डाभर कोवळी रोपं, सगळी सारखी हिरवी. कुणात काय लपलंय, ते फुलल्याशिवाय कळणार नव्हतं.