वीस-पन्नास

“तो डबा खाली ठेव,” बाई म्हणाल्या.

मेकॅनिकने मुकाट्याने ठेवला. चाळिशी उलटलेला माणूस, स्वतःचं गॅरेज, पण बाईंचा आवाज चढला की अजून त्याचे कान लाल व्हायचे. त्याला गाडी चालवायला बाईंनीच शिकवलं होतं. त्यालाच काय, अर्ध्या गावाला. हा पठ्ठ्या पहिल्या गियरवरून थेट तिसऱ्यावर जायचा, म्हणून बाई त्याला ‘तिसऱ्या’ म्हणायच्या. आता त्याच्या पोरींदेखतसुद्धा म्हणायच्या.

“काय ओतत होतास रे तिसऱ्या?”

“पाच-तीस, बाई. एकदम भारी ऑईल आहे.”

“भारी असेल नव्या गाड्यांना. ही काय नवी नवरी आहे? तीस वर्षं झाली हिला. हिला वीस-पन्नास लागतं, चांगलं जाड.”

“आई, आता त्याचा धंदा तू त्याला शिकवणार का?” बाईंचा मुलगा घड्याळ बघत म्हणाला. सून दाराजवळ रचलेल्या टायरांवर बसली होती.

सकाळी घरात कडाक्याचं भांडण होऊन एक गोष्ट ठरली होती. गेले सहा महिने गाडीचं रडगाणं चालू होतं. इंजिन तापलं की आतून खडखड आवाज, आणि सिग्नलला उभी राहिली की डॅशबोर्डवर ऑईलचा लाल दिवा. मुलगा म्हणाला, इंजिन संपलं, भंगारात देऊ. बाई म्हणाल्या, एकदा ऑईल बदलून बघू. तरी दिवा लागला तर गाडी भंगारात, आणि मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. मुलगा लगेच हो म्हणाला. भंगारवाला दुपारी यायचा होता.

तो लगेच हो का म्हणाला, ते एकट्या मेकॅनिकला ठाऊक होतं. सहा महिन्यांपूर्वी हाच मुलगा गॅरेजवर एकटा आला होता. “आईचा हात गेलाय रे. गेट ठोकलं, खांबाला घासली, परवा चाक गटारात घातलं. ऐकत तर कोणाच्या बापाचं नाही. तू पातळ ऑईल घालत जा. आवाज यायला लागला, दिवा लागला, की आपणहून सोडेल.”

आणि मेकॅनिकला ते पटलं होतं. गाडीवरचे ते तिन्ही पोचे त्यानेच काढले होते. बाईंची सगळी हयात शिकवण्यात गेली, गाडीला साधा ओरखडा नाही, आणि आता हे? बाई कोणाला तरी धडकण्यापेक्षा गाडी बसलेली बरी. म्हणून त्याने पातळ घातलं.

बाईंनी डिपस्टिक उपसली. टोकावरचं ऑईल अंगठ्याने बोटावर चोळलं.

“हे ऑईल आहे की पाणी? जुन्या इंजिनात फटी वाढलेल्या असतात. पातळ ऑईल निसटून जातं, दाब राहत नाही, मग दिवा लागतो. हे मी तुला सांगायचं?” त्यांनी मान वर केली. “चुकून घातलंस?”

त्यांच्या पाठीमागे मुलगा जोरजोरात मान हलवत होता. हो म्हण, हो म्हण. मेकॅनिकने ते पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. पण ज्या बाईने आपल्याला रस्ता मोकळा असताना खोटा हॉर्नसुद्धा वाजवू दिला नाही, तिच्या तोंडावर खोटं बोलायची त्याला लाज वाटली.

“चुकून नाही बाई. दादांनी सांगितलं म्हणून घातलं.”

“वेडबिड लागलंय का तुला?” मुलगा ओरडला.

“लागू दे,” मेकॅनिक म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

त्याने जुनं ऑईल थेंबाथेंबापर्यंत काढलं. नवा फिल्टर बसवला. फळीवरून वीस-पन्नासचा डबा काढला आणि मुलाच्या डोळ्यांदेखत ओतला. इंजिन सुरू केलं. पंखा फिरेपर्यंत तापू दिलं. कोणी जागचं हललं नाही. खडखड नाही. दिवा नाही. गाडी आपली निवांत घुमत होती.

“दिवा गेला, मान्य,” मुलगा म्हणाला. तो खरोखरच घाबरलेला होता. “पण तुझ्या हाताचं काय, आई? गेट, खांब, गटार. उद्या समोर कोणाचं पोर आलं म्हणजे? मी तुझ्याच भल्यासाठी केलं ना!”

बाई गाडीला वळसा घालून गेल्या, शेजारच्या सीटवर बसल्या आणि बेल्ट लावला. स्टिअरिंगपुढची जागा रिकामीच. बाई हरल्या असं वाटून मेकॅनिकला रडू यायचं बाकी राहिलं.

सून टायरांवरून उठली. पदर कमरेला खोचून ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि आरसा नीट केला.

“गेट मी ठोकलं,” ती नवऱ्याला म्हणाली. “खांबही मीच, गटारही मीच. घरात एक बाई गाडी चालवते तेवढं पुरे म्हणालास, म्हणून मी आईंकडे चोरून शिकले आणि त्यांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. अकरा वाजता माझी लायसन्सची परीक्षा आहे. यायचं असेल तर मागे बस.”